ढब्बू आणि पिवळा स्वेटर

प्रयोगशाळेच्या टोकाला, पिवळ्या टोपलीच्या मागे, विज्ञानाच्या बाईंची खुर्ची ठरलेली असे. यंत्राला हात मुलांनीच लावायचा, मोठ्यांनी नाही, असा शाळांच्या यंत्रमानव स्पर्धेचा नियम. बाईंचे हात शिवशिवायचे, म्हणून त्या ते पिवळ्या स्वेटरच्या खिशांत कोंडून बसायच्या. स्वेटर थोरल्या बहिणीने विणलेला. इतका भडक, की बाई लांबून दिसल्या तरी वर्ग गप्प व्हायचा.

यंदा स्पर्धेच्याच आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मुलांबरोबर खेळाचे सर जाणार होते. "तुमच्यावाचून काही अडत नाही त्यांचं," नवरा धीर द्यायचा. बाईंना ते लागायचं, आणि ते खरं ठरावं असंही वाटायचं.

तपासण्यांसाठी दोन दिवस रजा घेऊन त्या परतल्या, तर ढब्बू, म्हणजे चेंडू उचलून टोपलीत टाकणारं मुलांचं यंत्र, टेबलावर सुटा होऊन पडलेला.

"बाई, याचं डोकं फिरलंय," मिस्त्री म्हणाला. स्क्रू पिळण्याचं खातं त्याचं, म्हणून वर्गात हेच नाव. "टोपली सोडून नुसता गरागरा फिरतो."

"तुझी चाकंच वाकडी," चिमणी फणकारली. प्रोग्रॅम तिचा.

"हो, नाचता येईना..."

"पुरे! जोडा आधी," म्हणत बाई खुर्चीत बसल्या.

जोडून जमिनीवर सोडला, तर ढब्बू सुतासारखा सरळ गेला. चेंडू टोपलीत! मुलांनी टेबलं बडवली. पण बाई पाणी प्यायला दाराबाहेर गेल्या आणि तो पुन्हा भिरभिरला. परत येताना बाईंच्या लक्षात आलं. पण शोधायचं मुलांनीच. खुर्ची खिडकीशी ओढून त्या बसल्या.

ढब्बू थबकला. वळला. टोपलीकडे पाठ करून घरघरत आला आणि चेंडू बाईंच्या पायाशी ठेवून उभा राहिला.

मिस्त्री हसून हसून खालीच बसला. "अगं, हा तर बाईंचं शेपूट निघाला!"

चिमणीला हसू येईना. "कॅमेऱ्याला टोपलीचा पिवळा रंग शिकवताना मागे तुम्ही होतात, बाई. त्यानं स्वेटरच ओळखून ठेवला. आता स्पर्धेला तुम्ही नसणार..."

"मी नसणार. तू आहेस ना?" बाई म्हणाल्या. "मी इथून हलत नाही. माझ्याकडे न बघता जायला शिकव त्याला."

चिमणीने टोपली उन्हात नेली, सावलीत नेली, ढब्बूला पुन्हा पुन्हा दाखवली. दोनदा तो बाईंच्याच पायाशी आला. उन्हं कलली तेव्हा मात्र त्यांच्या चपलांना घासून पुढे गेला आणि चेंडू नेमका टोपलीत टाकला.

"मेल्या, एकदा वळून तरी बघायचंस," बाई पुटपुटल्या.

चिमणीने ते ऐकलं. "जुना प्रोग्रॅम पुसलेला नाही मी, बाई. स्पर्धेहून आलो की तोच घालून याला तुमच्या घरी आणते."

"स्वेटर तेवढा घालून बसा," मिस्त्री म्हणाला, "नाहीतर घर चुकेल तो."