बाबांच्या हँडलचं माप

चांगला माणूस गेला, असं खाली कमेंटमध्ये कुणी लिहू नका.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. आणि ते चांगले नव्हते.

सायकली मात्र चांगल्या बांधायचे. त्यात वादच नाही.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हापासूनचं त्यांचं हे वेड. ऑफिसात ड्राफ्ट्समन. घरी आले की शर्ट काढून मागच्या अंगणात फ्रेमच्या नळ्या कापायला बसायचे.

गिऱ्हाइकाला अनवाणी भिंतीला उभं करायचं, मांड्यांमध्ये जाडजूड पुस्तक दाबायचं आणि पायाची लांबी घ्यायची. मग हात, मग पाठ. सीट किती वर, हँडल किती लांब, सगळं त्या मापावरून ठरायचं.

मापासोबत अपमान फ्री.

एका मोठ्या साहेबांना म्हणाले होते, "टाँगें छोटी हैं आपकी, साइकिल का क्या कसूर?" साहेब हसले. बाबांच्या सायकलवर कुणाची पाठ दुखत नसे, म्हणून सगळेच हसून घ्यायचे.

मी बारा वर्षांची असताना त्यांनी माझी सायकल बांधली. निळी.

माप न घेता.

"वाढत्या अंगाची बांधलीय," म्हणाले.

आपल्याकडे फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवतात. शाळेचे बूट एक नंबर मोठे घेतात आणि पुढे कापूस कोंबतात. कबूल. पण एक सेंटिमीटर चुकला तर गुडघा जातो, असं अख्ख्या दिल्लीला सांगणाऱ्या माणसानं पोटच्या पोरीला दोन साइझ मोठी सायकल द्यावी?

शिवाय मी वाढलेच नाही. चार फूट अकराला गाडी थांबली ती थांबली.

हँडलला फक्त बोटांची टोकं पोचायची. ब्रेक दाबायचा तर सीटवरून पुढे सरकायचं, आणि सरकलं की मधला दांडा लागायचा. कुठे, ते सांगायला नको. मी रडत घरी आले की बाबांचं ठरलेलं उत्तर असायचं.

"सायकल बरोबर आहे. तू कमी पडलीस."

गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. नाव ठेवलं होतं शुभदा, पण हाक कायम 'बुटके'.

पंधराव्या वर्षी एकदा धीर करून म्हटलं होतं, बाबा, माझं माप घ्या ना एकदा. तर म्हणाले, घेण्यासारखं आहे काय?

मला आयुष्यात त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं. मी आहे तेवढीचं माप.

नाही मिळालं, तर मी तेच काम शिकले. आता गुरुग्राममध्ये लोक अपॉइंटमेंट घेऊन माझ्याकडे सायकल अंगाला फिट करून घ्यायला येतात. बाबा माझ्या स्टुडिओत एकदाच आले. सगळं फिरून बघितलं, लोकांच्या खांद्यापर्यंत तुझा हात पुरतो का, असं विचारलं आणि चहा पिऊन गेले.

आता खरं लिहिते. आई फेसबुकवर नाही. कुणाला तिला सांगायचं असेल तर खुशाल सांगा.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही बाबा दिल्लीतल्याच द्वारकामध्ये रोज सकाळी सायकल काढायचे. स्वतः बांधलेली, चाळिशीतल्या मापाची.

माणूस म्हातारपणी पायांनी आखूड होत नाही, पाठीनं होतो. सीट तीच चालते, पण हँडल लांब पडायला लागतं. मग हँडल धरणारा पुढचा तुकडा, स्टेम, तो आखूड बसवायचा. दहा मिनिटांचं काम. मी रोज करते.

एका रविवारी मी आईला भेटायला गेले होते. बाबा खाली पार्किंगमध्ये, एक हात भिंतीला टेकून सायकलवर बसलेले. दुसरा हात कोपरात ताठ. बोटं ब्रेकवर नीट वळतच नव्हती.

"शुभदा, जरा बघ गं. हँडल लांब पडतंय का?"

नावानं हाक मारली होती. माझं मत विचारलं होतं. दोन्ही पहिल्यांदाच.

मला एका नजरेत दिसलं.

"सायकल बरोबर आहे, बाबा."

पुढचं अर्धं वाक्य मी बोलले नाही. त्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, हो, तसंच असेल.

अकरा दिवसांनी सोसायटीच्या गेटातून एक कार रिव्हर्समध्ये बाहेर आली. गार्ड म्हणाला, अंकलजीने ब्रेक मारनी चाही, हाथ ही नहीं पहुँचा. खुब्याचं हाड मोडलं. मग न्यूमोनिया. महिन्याभरात गेले.

हॉस्पिटलमध्ये ते प्रत्येकाला सांगायचे, चूक माझीच, वय झालं, सायकल तर मुलीनं चेक केली होती. मी शेजारी बसून मोसंबी सोलायचे. रोज सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तेव्हा बरं वाटत होतं, आणि त्याचीच आता शिसारी येते.

कमेंटमध्ये 'तुझी काही चूक नाही गं' लिहायला आलात, तर तेही नको.

बाबा, हँडल लांब पडत होतं. तीन सेंटिमीटर. मला दिसलं होतं.

श्रद्धा माझ्याकडे कधीच नव्हती. अंजली तेवढी घ्या.