निशातगंजच्या गच्चीवरचा जपानी म्हातारा

मंडळी, या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतही आलोय. आमच्या घरात भुताखेतांना जागाच नव्हती. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात देव्हारा रिकामा केला. जिथे देवालाच थारा नाही तिथे भुताला कोण विचारतो! त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला अंधश्रद्धाळू म्हणालं तर सगळ्यात जास्त मलाच लागेल... तरी लिहितो. आता वय झालंय, आणि हे सांगण्यासारखं माणूस घरात कुणी उरलेलं नाही.

साल १९८१, डिसेंबर महिना. गाव लखनौ. मी मूळचा नागपूरचा, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क. लग्न झालेलं नव्हतं. निशातगंजच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, वर गच्ची. मराठी बोलायला आठवडेच्या आठवडे कुणी भेटायचं नाही. कधीकधी दाढी करताना आरशाशी मराठीत बोलायचो — हसू नका, परमुलखात एकटे राहिलेल्यांना विचारा.

एक दिवस साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "मेश्राम, तुम तो बुद्धिस्ट हो न? जापान से टीवी वाले आ रहे हैं, भगवान बुद्ध पर प्रोग्राम बना रहे हैं. श्रावस्ती जाएँगे. तुम्हीं सँभालो भाई, तुम्हारे अपने लोग हैं."

आमचे अपने लोग! जणू जपानी म्हणजे नागपुरातल्या आमच्या इंदोरा वस्तीची भावकीच. पण ऑर्डर ती ऑर्डर.

सात-आठ जणांचं युनिट होतं. कॅमेऱ्याच्या पेट्या कस्टममध्ये अडकल्या होत्या, त्यामुळे सगळे लखनौतच हॉटेलात बसून. त्यांच्यात एक तरुण नट होता. नाव बदलून लिहितो — तोशिओ. वय सव्वीस. बाकीचे पत्ते खेळायचे, हा एकटाच खिडकीशी बसलेला असायचा. मला वाटतं एकट्या माणसाला एकटा माणूस बरोबर ओळखू येतो. दोन दिवसांत आमची गट्टी जमली. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं, इथे मी ते मराठीत देतो.

त्याची कहाणी ऐकण्यासारखी होती. समुद्रकाठच्या एका लहान गावचा. अठराव्या वर्षी घर सोडून टोकियोला नाटक मंडळीत गेला. दोन वर्षं नुसतं स्टेज झाडलं, बुजुर्ग नटांचे कपडे धुतले. मग टीव्हीवर तलवारबाजीच्या मालिकांत मरायची कामं मिळायला लागली. "एकाच एपिसोडमध्ये तीन वेळा मेलो, तीन वेगळे विग लावून," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मग एकदा मंडळीतला म्हातारा नट आजारी पडला आणि याने त्याची भूमिका निभावली. पेपरात नाव आलं. झालं... तेव्हापासून म्हाताऱ्याचं काम म्हटलं की तोशिओ! नाटकात, टीव्हीवर, सगळीकडे. आईने एकदा फोन करून विचारलं, "आज टीव्हीवर येणार म्हणाला होतास, आम्ही शेवटपर्यंत बघितलं, तू दिसलाच नाहीस." दाढी आणि सुरकुत्यांच्या आत पोटचा पोरगा तिला ओळखू आला नाही.

"आणि वडील?" मी विचारलं.

"ते गेले तेव्हा माझा प्रयोग चालू होता. आमच्यात म्हणतात, नटाला आईबापाचं शेवटचं दर्शन नसतं. प्रयोग सोडायचा नाही. मी नाही सोडला. सगळ्यांनी कौतुक केलं."

यावर माझ्याकडेही बोलण्यासारखं होतं, पण ते माझं होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा माझी खात्याची परीक्षा होती. तार आली, आणि मी शेवटचा पेपर देऊन निघालो. पोचलो तोवर सगळं आटोपलेलं. बाबा दारात बसले होते. एवढंच म्हणाले, "झाली ना परीक्षा? मंग जाय आता." मी रागाने आल्या पावली परत फिरलो, तो तीन वर्षं नागपूरला गेलोच नाही. मधून मधून पोस्टकार्ड टाकायचो. बाबांचं उत्तर कधी आलं नाही. शेजारच्या शेवंतामावशी मात्र कुणाकडून तरी चार ओळी लिहवून घ्यायच्या. शेवटच्या कार्डात होतं, बाबा हल्ली घराबाहेर पडत नाहीत, एकदा येऊन जा. ते कार्ड महिनाभर माझ्या टेबलावर पडून होतं.

तर — तोशिओला या प्रोग्राममध्ये काम होतं शुद्धोदनाचं. बुद्धाचा बाप! मुलगा घर सोडून गेलाय आणि म्हातारा राजा वर्षानुवर्षं त्याची वाट बघत बसलाय. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग, संवाद नाहीतच. पण पठ्ठ्याने तो असा मनावर घेतला होता की विचारू नका. त्याची एक पद्धत होती, त्याच्या गुरूने शिकवलेली. म्हाताऱ्याचं काम करायचं तर कुठलाही एक म्हातारा निवडायचा आणि तीन दुपारी त्याच्यासमोर बसायचं. बोलायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. नक्कलही करायची नाही. फक्त बघायचं. त्याचा थकवा आपल्या गुडघ्यांत उतरेपर्यंत.

त्यासाठी मी त्याला लखनौच्या चौक बाजारात चिकनचं भरतकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. एक दुपार बसला आणि उठला. म्हणाला, "हा उपयोगाचा नाही. याच्या हाताला काम आहे. मला असा माणूस हवा जो नुसती वाट बघतोय." परत येताना रिक्षात त्याने मला सरळ विचारलं, "तुला माहीत आहे का असा कुणी?"

"नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या गच्चीवर ऊन येतं का?"

शुक्रवार, शनिवार, रविवार. तिन्ही दिवस जेवणानंतर मीच त्याला हॉटेलातून घेऊन आलो आणि संध्याकाळी मीच पोचवलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे याचं महत्त्व आहे. गच्चीवर त्याने दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एकीवर स्वतः बसला आणि दुसरी रिकामी. दोन ते चार त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचा. मी कठड्याशी चटई टाकून तिथेच असायचो.

घरमालकीण अम्माजी पापड वाळत घालायला वर आल्या. मला म्हणाल्या, "ए भैया, ये तुम्हारा जापानी कुर्सी को काहे घूर रहा है? कुर्सी भाग जाएगी का?"

"काम है उसका, अम्माजी."

"अच्छा? इसका भी पैसा मिलता है?" असं म्हणून हसत हसत खाली गेल्या.

रविवारी चारच्या सुमारास तोशिओ उठला. गच्चीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वळला, आणि चालत परत आला.

मंडळी, मी चटईवरून उठलोच. ते बाबांचं चालणं होतं. उजवा पाय जरा फरफटत, डावा हात पाठीशी. रिकाम्या खुर्चीपाशी येऊन तो थांबला. बसण्याआधी त्याने तळव्याने खुर्ची दोनदा झटकली, मग आधी एक खांदा झटकला, मग दुसरा. चाळीस वर्षं मिलमध्ये मागावर काम केलेला माणूसच असा बसतो — कापसाची पिंज झटकून. रिटायर झाल्यावरही बाबांची ती सवय सुटली नव्हती. आई चिडवायची, "घरात कुठला आला कापूस?" मग तोशिओ बसला आणि त्याने मान वळवून डावा कान जिन्याच्या दाराकडे केला. मागांच्या खडखडाटाने बाबांचा उजवा कान कधीच गेला होता. दारात कुणाची चाहूल लागते का, हे ते नेहमी डाव्या कानानेच ऐकायचे.

यातलं एक अक्षरही मी त्याला सांगितलेलं नव्हतं. वडील आहेत, हेसुद्धा नाही. माझ्या खोलीत बाबांचा फोटोही नव्हता.

मी ओरडलोच, "कुणी सांगितलं तुला हे?"

तो दचकला. म्हाताऱ्याचा परत पोरगा झाला. "कुणी नाही. काय झालं? चुकलं का काही?"

मी रडत होतो. तो गोंधळून माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला, आणि मला वाटतं त्या गावात आल्यापासून मला कुणी असा हात लावल्याची ती पहिलीच वेळ असावी.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी वर न बघताच सही केली. म्हणाले, "जाओ भाई, तीन साल में तुमने छुट्टी ली ही कहाँ है?" संध्याकाळची गाडी पकडली. झाशी, भोपाळ, इटारसी... एवढा लांब प्रवास आयुष्यात दुसरा केला नाही.

बाबा जिवंत होते. खाटेवर, भिंतीला टेकून बसलेले, निम्मे झालेले. मला बघून त्यांना नवल वाटलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "तो नाही आला आज?"

"कोण, बाबा?"

"तुहा दोस्त. बारीक डोळ्याचा पोरगा. तीन दिवस आला ना दुपारच्या वक्ताले. त्या पेटीवर बसून राहे. म्या म्हटलं, बाबू, चहा घे. त घेतला नाही. बोलेच ना. नुसता पाहत राहे माह्याकडं."

मी खाटेच्या कडेला बसलो. "कधी आला होता?"

"शुक्कर, शनवार, अन् आइतवारी."

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

"भीती काहून वाटन?" बाबा म्हणाले. "बरं वाटलं. लई दिवसांत कोणी माह्याकडं एवढा वेळ पाहिलं नोहोतं."

शेवंतामावशींना बाजूला घेऊन विचारलं. त्या शपथेवर सांगत होत्या की घरात कुणी आलेलं नव्हतं. दार त्यांच्या ओट्यासमोरच आहे. पण तिन्ही दुपारी बाबा कुणाशी तरी बोलत होते हे त्यांनी ऐकलं होतं, आणि शनिवारी बाबांनी हाक मारून पाहुण्यासाठी म्हणून त्यांच्याकडून साखर मागून घेतली होती. त्यांना वाटलं, म्हातारपणाचं भ्रमिष्टपण. पण भ्रमिष्टाला बारीक डोळ्यांचाच पोरगा कसा दिसला? तोशिओबद्दल मी नागपूरला एक ओळही लिहिलेली नव्हती.

मी अकरा दिवस त्यांच्याजवळ होतो. बाराव्या दिवशी सकाळी ते गेले, माझ्यासमोर.

लखनौला परतलो तोवर युनिट निघून गेलं होतं. वर्षभराने तोशिओचं पत्र आलं. प्रोग्राम टीव्हीवर लागला होता, आणि तेवढ्या दोन मिनिटांवरून त्याला एका मोठ्या मालिकेत काम मिळालं होतं — तरुणाचं, स्वतःच्या चेहऱ्याने! आता गावाकडे लोक ओळखतात, आई शेजारणींना बोलावून मालिका दाखवते, असं आनंदाने लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: म्हातारे मात्र आता मला जमत नाहीत, करायला गेलो की गुडघे माझेच राहतात.

मी त्याला सगळं लिहून कळवलं, आणि विचारलं, त्या तीन दुपारी तू काय बघत होतास? त्याचं उत्तर छोटंसं होतं. "मी काहीच बघितलं नाही. खुर्ची रिकामी होती. मी फक्त इतकाच विचार करत होतो की कुणीच येत नाही तेव्हा माणसाला कसं वाटत असेल." त्यानंतर दोन-तीन नववर्षाची कार्डं आली, मग तीही थांबली. माझा पत्ता बदलला, त्याचाही बदलला असेल. मी आता लखनौतच विकास नगरला असतो.

माणूस एका गच्चीवर बसून सातशे-आठशे किलोमीटरवरच्या घरात कसा दिसतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन डॉक्टरांना विचारलं, एका भन्तेजींनाही विचारलं. भन्तेजी फक्त हसले. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर अवश्य लिहा.

पण एक गोष्ट वर लिहायची मी टाळली, ती लिहून संपवतो. पहिल्याच दिवशी, पाणी पिऊन झाल्यावर, बाबांनी मला विचारलं होतं, "तो इतक्या दुरून तीन-तीनदा आला. मंग तू काहून नाही आला त्याच्यासंग?"

मी म्हणालो, "सुट्टी नव्हती, बाबा."

"हो ना," ते म्हणाले. "सरकारी नोकरी हाये." आणि माझी समजूत काढल्यासारखा माझा हात थोपटत राहिले.