अर्धा तास मागे

माझे काका मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी देत. जिने चढून चढून गुडघे कामातून गेले होते, पण तोरा असा, की सूर्यानेही यांना विचारूनच उगवावं.

तो उगवत नसे, हीच तर भानगड. आमचा मुलूख देशाच्या पार पश्चिम टोकाला आणि घड्याळ राजधानीचं. हिवाळ्यात पोरं अंधारात चाचपडत शाळेत जात.

काकूला हे मुळीच मान्य नव्हतं. स्वयंपाकघरातलं ठोक्यांचं घड्याळ तिने लग्नापासून अर्धा तास मागे ठेवलं होतं.

"अगं, देश एक आहे!" काका चिडत.

"आहेच. मी कुठे वेगळी चूल मांडतेय? माझ्या चुलीची वेळ तेवढी मी ठरवणार."

काका भुकेले घरी येत, तेव्हा ताट अजून अर्धा तास लांब असे.

पुढे मुलखाला स्वतःचा कारभार मिळाला. सैन्य आणि चलन राजधानीकडे, शाळा आणि जंगलं आमच्याकडे. घड्याळावर मात्र वर्षानुवर्षं घासाघीस चालली. तोवर काकूने अंथरूण धरलं. तिच्या कानांवर आपली वेळ पडावी, एवढाच काकांना ध्यास लागला. अखेर घड्याळ अर्धा तास मागे घ्यायला राजधानीचा होकार आला.

मनोऱ्यावरचं ते जुनं घड्याळ उलटं फिरवलं तर दाते मोडतात. म्हणून बाराला टेकता टेकता काकांनी लंबक हाताने धरला आणि ते तसेच बसून राहिले. खाली चौकात माणसं माना वर करून उभी होती. त्या अर्ध्या तासावर कोणाचंच राज्य नव्हतं. कबुतरं काट्यावर येऊन बसली. ऊन तेवढं काकूच्या पलंगावरून हळूहळू सरकत होतं. मी उशाशी होते.

"थांबलं का गं?"

"थांबलंय."

"मग मीही थांबते."

मला फार भीती वाटली.

मग मनोऱ्यावर ठोके पडले आणि त्यांच्या बरोबरीने स्वयंपाकघरातही. त्या दोघांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. थोड्या वेळाने काका धापा टाकत दारात आले.

काकूने डोळे उघडले नाहीत. "आज वेळेवर आलात. बसा, ताट वाढते."

ती कित्येक दिवसांत उठली नव्हती.

"वाढ," काका म्हणाले, आणि तिच्या पलंगाशी मांडी घालून जेवायला बसले.