छान आलेला फोटो

ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा शिंप्याची टेप घेऊन दादाच्या पलंगाशी उभी होती. दादा, माझा थोरला भाऊ, नऊ दिवस आयसीयूत बेशुद्ध होता. ताप हटत नव्हता आणि तो कशाचा हे कळत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन करायला सांगितलं होतं. ही स्कॅनच्या खोलीतली बाई.

टेप पाहून वहिनी भडकलीच. "मापं कसली घेताय हो? अजून जिवंत आहेत ते!"

"म्हणूनच घेतेय, ताई. मशीनमध्ये माणूस सरकतो, त्याच्या नळ्या सरकत नाहीत. सिस्टर, या हाताची आखूड पडेल, जोड लावा."

बाकीचे नजरेच्या अंदाजाने काम भागवतात, हे मला नंतर समजलं. ही प्रत्येक नळी मोजायची, पाठ केलेल्या पाढ्यासारखे आकडे पुटपुटत.

लिफ्टची वाट बघताना मी सहज विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

"मी आणि फ्रिज. तो तरी मधूनमधून घुरघुरतो."

स्कॅन झाल्यावर वहिनीने तिला दारातच अडवलं. "कसा आला हो फोटो?"

"छान आला," ती म्हणाली.

झालं! वहिनीने मुलीला, विहीणबाईंना, शेजारणीला, सगळ्यांना फोन केले. संध्याकाळी सर्जन आले. पोटात खोलवर पू साठला होता, ऑपरेशन आजच करायला हवं होतं. वहिनी हटून बसली. "फोटो छान आलाय, मग पोट कशाला फाडता? त्या बाईंनी स्वतः सांगितलंय." सहीचा कागद तिने उलटा करून ठेवला. दादाचा ताप चढत होता.

मी धावत खाली गेले. ती खांद्याला पर्स लावून घरी निघाली होती. तिने माझं ऐकलं आणि माझ्यापुढे जिना चढू लागली.

"ताई, छान म्हणजे फोटो हलला नाही. आम्ही आपसात तसंच म्हणतो. तुमच्यासमोर म्हणाले, ही माझी चूक."

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

फोटोत काय दिसलं हे तिने नातेवाइकांना सांगायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. मोठ्या सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "दिसलं होतं. माझा भाऊ असता तर मी एव्हाना सही करून मोकळी झाले असते."

वहिनीने कागद सुलटा केला.

दादा महिन्याभराने घरी आला. मी आभार मानायला गेले, तेव्हा त्या एका वाक्यापायी तिला लेखी समज मिळाल्याचं कळलं. तिची तक्रार त्याबद्दल नव्हतीच.

"लोक माझा चेहरा वाचतात, बाई. कॅन्टीनमध्ये मी घास घेतला तरी बघतात, कसा घेतला. हसले तर आशा लावून बसतात, नाही हसले तर रडतात. सगळ्यांच्या आधी मला कळतं, आणि बोलायचं मात्र मीच नाही."

आता ती स्कॅनच्या खोलीतल्या काचेमागेच बसते. डबाही तिथेच खाते, दाराला आतून कडी लावून.