खाईपर्यंत गॅरंटी

कॉलेजचा प्रोजेक्ट संपला की फाईल जमा होते आणि विषय मिटतो म्हणतात. आमचा कुठला मिटायला! मी, नाझनीन आणि भावेश कुठेही भेटलो की कुणीतरी म्हणतंच, “ए, ते मुंग्यांचं आठवतं?” मग पाणीपुरी संपते, सुकी पुरी मागून होते, पण आमचं बोलणं संपत नाही. परवा तर पाणीपुरीवाल्यानेच फर्माइश केली, “वो रिक्षावाला फिर से सुनाओ ना!” त्याला आमचे सगळे किस्से पाठ झालेत, आता तुम्ही ऐका.

आधी थोडं मागचं सांगते. सुनंदामावशी आमच्या कॉलेजात शिपाई आहेत. त्यांची चिकू चार वर्षांची, आणि तिला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही कानांना मशीन लावा आणि लवकर लावा, बोलायला शिकायचं वय निघून चाललंय. आम्ही ठरवलं, यंदाच्या सेवा प्रकल्पात काहीतरी विकून चिकूच्या मशीनचे पैसे जमवायचे. पण दिवाळी होऊन गेलेली, म्हणजे पणत्या-उटणं बाद.

“हँडमेड दागिने करूया,” नाझनीन म्हणाली. “पण कसले?”

“हलव्याचे!” आमच्या स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

आई लालबागची, लग्नानंतर मीरा रोडला आलेली. संक्रांतीला नव्या नवरीला आणि लहान बाळांना ती हलव्याचे दागिने करून द्यायची. नाझनीनने तो पांढरा, काटेरी, साखरेचा दाणा हातात घेऊन बघितला. “काकी, हे घालायचं की खायचं?”

“आधी घालायचं, मग खायचं.”

“भारी आहे यार! म्हणजे लॉकरची भानगडच नाय!”

*

पहिल्याच दिवशी आईने कायदा केला. गोंद नाही, तार नाही, एकेका दाण्याला दोऱ्याची गाठ मारायची. भावेश हौसेने ग्लू गन घेऊन आला होता, त्याचा चेहराच पडला.

“आंटी, ग्लूने फटाफट होईल. गाठी मारत बसलो तर पुढची संक्रांत येईल!”

“लहान मुलांच्या अंगावर जातात हे दागिने,” आई म्हणाली. “ती खाणारच. त्यांच्या पोटात गोंद घालू का?”

बसलो गाठी मारत. दाणा बोटांतून सटकतो, दोरा गुंततो, मान मोडून येते! भावेश मात्र एकदम शांत. आम्हाला वाटलं, काय मन लावून करतोय. संध्याकाळी आई बघायला आली.

“हे काय केलंस?”

“बांगडी, आंटी.”

“मी तर तुला हार करायला दिला होता.”

भावेशने तोंडातलं गिळलं. “दुपारपर्यंत हारच होता.”

*

तयार माल ठेवायला जागा हवी होती. भावेशच्या पप्पांचं केबिन रोडला भांड्यांचं दुकान आहे, त्यांनी पोटमाळ्यावर एक मोठी परात दिली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच आम्ही हजर! भावेशने परात खाली उतरवली आणि नाझनीन नाचायलाच लागली.

“मयुरी, मंगळसूत्रात काळे मणी कधी ओवलेस? कसले क्यूट दिसतायत!”

मी एकही काळा मणी ओवला नव्हता. वाकून बघितलं, तर मणी चालत होते.

भावेशचे पप्पा चष्मा वर करून म्हणाले, “आखी जान आवी गई!” म्हणजे अख्खी वरात आली. त्या दिवसापासून आमचा प्रत्येक डबा पाणी भरलेल्या ताटात उभा राहायला लागला.

*

दुकानाच्या पायरीवर आम्ही स्टॉल लावला. काळ्या कापडावर पांढरेशुभ्र दागिने इतके सुंदर दिसत होते की मी स्वतःच चार वेळा रस्ता ओलांडून लांबून बघून आले.

एक काका थांबले. हार उचलला, उजेडात धरला, खालीवर केला. “ये मोती असली है क्या?”

“अंकल,” भावेश म्हणाला, “चाटके देखो!”

मागोमाग एक काकू आल्या. सुनेसाठी अख्खा सेट पसंत केला, पण मन काही ठरेना. “टिकेल ना ग? काही गॅरंटी?”

“आहे ना काकी,” नाझनीन छातीवर हात ठेवून म्हणाली. “खाईपर्यंत!”

काकूंनी सेट घेतलाच, वर शेजारणीलाही पाठवलं. मग आम्ही ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहून कापडावर लावून टाकलं.

*

आता तो रिक्षावाला. मोरव्याहून एक आजी आल्या, नातवाचं बोरन्हाण होतं. बाळाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं-चॉकलेटं ओतायची, असा तो कार्यक्रम. मी उत्साहाने मुकुट दाखवला, बासरी दाखवली.

“बासरी न्हाय पायजे,” आजी म्हणाल्या. “आमचा पोर रिक्षाशिवाय जेवत पन न्हाय. त्याचा बापूस रिक्षा चालवतो. रिक्षा करून द्या.”

“आजी, रिक्षा अंगावर कुठे घालणार?”

“मुकुटावर बसवा!”

पुठ्ठ्याची रिक्षा कापली, तिला दाणे शिवले, पुढे एक आणि मागे दोन चाकं लावली. बोरन्हाणाला आम्हालाही आमंत्रण होतं. बाळ डोक्यावर रिक्षा घेऊन राजासारखं बसलं. बोरं ओतली, पण एकाही मुलाने बोरांकडे ढुंकून बघितलं नाही. सगळी टोळी थेट मुकुटावर!

दुसऱ्या दिवशी आजींचा फोन. “पोरांनी रिक्षा फोडली, आमचा बारका रडून रडून बेजार हाय. तुमच्याकडे नुसती चाकं मिलतील काय?”

पुढचं एक, मागची दोन, तिन्ही पाठवून दिली.

*

एका ऑर्डरने मात्र आमच्या तोंडचं पाणी पळवलं. नव्या नवरीचा पूर्ण सेट: हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, बांगड्या, सगळं! तेवढा दिला की चिकूचं मशीन नक्की. चिकूची क्लिनिकची तारीखही घेऊन झाली होती. शेवटचा हात फिरवायला नाझनीन सेट नया नगरला घरी घेऊन गेली.

सकाळी तिचा फोन आला, आणि नुसतं रडणं. तिच्या अम्मीला वाटलं मिठाई आहे, म्हणून त्यांनी डबा प्रेमाने फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर हलव्याला पाणी सुटलं. मी पोचले तेव्हा कंबरपट्ट्याचा चिकट गोळा झाला होता, आणि नवरीचं हळदीकुंकू त्याच संध्याकाळी!

“बेटा, बोलना था ना दुल्हन का ज़ेवर है,” अम्मी कपाळाला हात लावून म्हणाल्या. मग त्यांनी दार उघडलं आणि मजल्यावर हाक मारली. शेजारच्या खाला आल्या, समोरची गुज्जू भाभी आली, कोपऱ्यातल्या गायकवाडकाकू पोळ्या टाकून आल्या. आई हलव्याच्या नव्या पिशव्या घेऊन रिक्षातून उतरली आणि तिथेच क्लास सुरू झाला. “दो गाठ मारने का, फिर खींचने का!” आईचं हिंदी ऐकून अम्मींनी कपाळावरचा हात काढला आणि हसायला लागल्या.

सेट वेळेवर पोचला. नवरीच्या सासूबाईंनी हार हातावर घेऊन निरखला. “किती सुबक काम आहे! कुणाचा हात म्हणायचा हा?”

भावेश म्हणाला, “काकी, अख्ख्या चौथ्या मजल्याचा.”

*

मशीन आलं. चिकूच्या कानात बसवलं. आम्हाला वाटलं, आता जिंकलो! पण तिसऱ्याच दिवशी सुनंदामावशी कॉलेजात तोंड बारीक करून उभ्या.

“ठेवीना झालंय लेकरू कानात. आवाज आला की घाबरतंय, उपसून फेकून देतंय. क्लिनिकच्या मॅडम म्हणल्या, नाही घातलं तर काही उपयोग नाही.”

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “रथसप्तमी व्हायचीय अजून. चिकूचं बोरन्हाण आपल्याकडे करू. आवडीचं काही असेल तर रमेल ती.”

चिकू आली. काळं परकर-पोलकं, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार, डोक्यावर मुकुट, कानात मशीन. आम्ही उत्साहाच्या भरात जे करू नये तेच केलं! टाळ्या वाजवल्या, “चिकू! चिकू!” ओरडलो, भावेशने तर दुकानातली थाळी आणून वाजवली. चिकू किंचाळली. तिने एका कानातलं मशीन ओढून काढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मावशींनी ते हळूच परत बसवलं, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

सगळे गप्प झालो. पंखासुद्धा बंद केला.

रुसलेल्या चिकूने हारातला एक दाणा ओढला आणि तोंडात टाकला. कुडुम.

ती थांबली. तिने मागे वळून बघितलं, कुणी केला आवाज? आमच्यापैकी कुणीच हललं नव्हतं. तिने दुसरा दाणा घेतला आणि अगदी हळू चावला. कुडुम. तिचा हात कानाकडे गेला. चिकूने मशीनला नुसतं बोट लावून बघितलं आणि हात खाली घेतला.

मग ती उठली. हारातला एक दाणा तोडून तिने मावशींच्या तोंडात घातला आणि आपला कान त्यांच्या गालाला लावला. मावशींना हुंदका आलेला, चावताच येईना.

“मावशी, चावा ना!” भावेश कुजबुजला.

कुडुम.

चिकू खुदकन हसली. पुढचा दाणा आईला, मग नाझनीनला, मग भावेशला, प्रत्येकाच्या गालाला कान. हाराचा नुसता दोरा उरत चालला होता. शेवटी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मी तोंड उघडलं.