भेगांचं कारण

थोरलीला चित्रकलेच्या क्लासला घातलं ते तिच्यात काही गुण दिसले म्हणून नव्हे. वडील शिंपी. कापड बेतायच्या खडूने तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या कापडावर त्याच गिऱ्हाइकाचं तोंड काढून ठेवलं, आणि ते इतकं हुबेहूब निघालं की रागवावं की हसावं हे त्या बिचाऱ्याला कळेना. वडिलांना मात्र बरोबर कळलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला दंडाला धरून सायकलच्या दुकानावरच्या खोलीत नेलं आणि मास्तरांना म्हणाले, "हिला कागदावर काढायला शिकवा. कापड सोडून कशावरही काढू दे."

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुढची नऊ वर्षं ती त्या खोलीतच वाढली म्हटलं तरी चालेल. वर पत्रे, खाली पंक्चर काढणाऱ्यांची ठोकाठोक आणि मधे मास्तर, बुटके, राग सदा नाकाच्या शेंड्यावर. पहिली चार वर्षं त्यांनी तिला रंगाला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं रेखाटन, तेही माणसांचं. खाली जायचं, सायकल घेऊन आलेल्या एखाद्याला डोळे भरून बघायचं, वर यायचं आणि आठवून काढायचं. "नाक कुणालाही जमतं," मास्तर म्हणत. "नाक आणि ओठ यांच्या मधली जागा काढ. माणूस तिथे असतो." हे शास्त्राला धरून आहे की नाही देव जाणे, पण थोरलीच्या हातात ते असं बसलं की जन्मभर सुटलं नाही.

मग तैलरंग आले आणि त्यांच्याबरोबर नवा नियम आला. एक थर द्यायचा, की तिसऱ्या दिवशी दुसरा. मधे चित्राकडे फिरकायचं नाही. त्या पत्र्यांखाली खोली अशी तापायची की तिसऱ्या दिवशी रंग खडखडीत वाळलेला असे. वाळला का म्हणून बोट लावून बघणाऱ्याच्या बोटावर ब्रशचा दांडा बसे.

विसाव्या वर्षी तिला परदेशातल्या कलाशाळेची शिष्यवृत्ती मिळाली. मास्तर निरोप द्यायला आले नाहीत. क्लासची वेळ आहे म्हणाले.

तिकडच्या बाई उंच होत्या आणि इतक्या हळू बोलायच्या की थोरलीला आधी वाटलं, त्या आजारी आहेत. थोरलीने पहिल्या चित्राला एक थर दिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा ब्रश उचलला. बाई मागून आल्या, त्यांनी चित्रातल्या माणसाच्या गालावर अंगठा दाबला आणि लालभडक झालेला अंगठा तिच्यापुढे धरला.

"ही तुमच्या मास्तरांची खोली नाही," त्या म्हणाल्या. "इथे दहा दिवस. हवा ओली असेल तर पंधरा. खालचा थर कच्चा राहिला आणि वरचा आधी वाळला तर वरचा फाटतो. लगेच दिसत नाही. दहा-बारा वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा काही करता येत नाही."

थोरलीने कानाला खडा लावला. भिंतीवर कॅलेंडर टांगलं आणि दहा-दहा दिवसांच्या फुल्या मारायला सुरुवात केली. शिक्षण संपल्यावर ती चित्रांच्या चौकटी करणाऱ्या एका दुकानात कामाला लागली आणि चौकटवाल्याशीच लग्न करून मोकळी झाली. हळूहळू माणसांची चित्रं काढायची कामं मिळू लागली. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, मोठे डॉक्टर, असे सगळे खुर्चीत बसून भिंतीवर जाणारे लोक. नाव झालं म्हणण्याइतकं नाव झालं नाही, पण शहराच्या संग्रहालयाने तिची पाच चित्रं घेतली. चित्रकाराच्या पोटापाण्याच्या मानाने हे काही कमी नव्हे.

आई तिच्याकडे एकदाच आली, ऐन हिवाळ्यात. आल्यापासून तिने जावयाचा ओव्हरकोट अंगावर चढवला तो घरातही उतरवला नाही. थोरली रोज म्हणायची, "आई, बस ना गं समोर." आई म्हणायची, "माझं काय काढायचंय? तुझ्या त्या डॉक्टरांना काढ." शेवटी परतीला बारा दिवस राहिले तेव्हा एका सकाळी ती आपणहून खुर्चीत येऊन बसली. कोटाच्या बाह्यांत हात खुपसून म्हणाली, "घे, काय करायचंय ते कर. पण कोट काढणार नाही."

पहिला थर झाला. थोरलीने कॅलेंडरकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी दुसरा थर दिला, सहाव्या दिवशी तिसरा, नवव्या दिवशी चेहऱ्यावरचं शेवटचं काम. खालचा रंग ब्रशला चिकटतोय हे तिला कळत होतं. बाराव्या दिवशी आई विमानात बसली आणि पुढच्या वर्षी वारली. चित्र पाहायला येणारे त्या ओव्हरकोटाला हसत आणि चेहऱ्यापाशी आले की हसायचं विसरत. संग्रहालयाने घेतलेलं तिचं सहावं चित्र ते.

चौदा वर्षांनी संग्रहालयातून फोन आला. चित्रांची दुरुस्ती करणारी बाई बोलत होती. आईच्या चेहऱ्याला भेगा पडल्या होत्या, दोन तर नाकापासून ओठापर्यंत गेलेल्या. रंग निघून पडणार नाही एवढं त्यांनी केलं होतं, त्याहून जास्त काही होण्यासारखं नव्हतं.

"तुमची आणखी पाच चित्रं आमच्याकडे आहेत," ती बाई म्हणाली. "एकालाही साधा चरा नाही. मग यालाच का?"

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. खरं कारण सांगायचं तर दहा दिवसांचा नियम माहीत होता हे सांगावं लागलं असतं, आणि मग तो का मोडला हेही. तो बारावा दिवस फोनवर एका परक्या बाईला कसा सांगायचा? ती म्हणाली, "लहानपणी ज्यांच्याकडे शिकले ते तिसऱ्या दिवशी दुसरा थर द्यायला शिकवायचे. सवय गेली नसेल." त्या बाईने मास्तरांचं नाव विचारलं आणि थोरलीने ते नीट, सावकाश सांगितलं. मला थोरली आवडते, पण इथे मला तिची बाजू घेता येत नाही.

सहा महिन्यांनी संग्रहालयाने खराब झालेल्या चित्रांचं एक प्रदर्शन भरवलं. प्रत्येक चित्राखाली पाटी, पाटीवर बिघाडाचं कारण. आईच्या चित्राखाली लिहिलं होतं की या भेगा सदोष प्राथमिक शिक्षणामुळे पडल्या, आणि पुढे मास्तरांचं पूर्ण नाव. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी फिरायला म्हणून तिकडे गेला होता. त्याने पाटीचा फोटो काढला, आणि आठ दिवसांत तो गावभर झाला.

धाकट्या बहिणीचा फोन आला. "मास्तरांना कुणीतरी वाचून दाखवलं," ती म्हणाली. "तीन मुलांना आईबापांनी क्लासमधून काढलं. तू हे काय करून ठेवलंस, ताई?"

थोरली मिळेल त्या पहिल्या विमानाने निघाली. पत्र्याची खोली तशीच होती. मास्तर त्र्याऐंशीचे झाले होते आणि त्यांच्यासमोर चारच मुलं बसली होती. त्यांनी मुलांना खाली सायकली बघायला पिटाळलं. ते ओरडतील अशी तयारी करून ती आली होती. ते ओरडले नाहीत.

"मास्तर, मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. मग ओव्हरकोटापासून बाराव्या दिवसापर्यंत सगळं सांगितलं.

"दहा दिवसांनी थर दिले असतेस तर?"

"आई परत गेल्यावर पुरं करावं लागलं असतं. आठवून."

"आठवूनच काढायला शिकवलं होतं मी तुला."

"आईचं नसतं जमलं, मास्तर."

"नाही जमत," मास्तर म्हणाले. "मलाही माझ्या आईचं नाही जमलं." तिने चित्राचा फोटो पुढे केला. त्यांनी तो उजेडाला धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि खाली ठेवताना एवढंच म्हणाले, "आली आहे."

थोरलीने पर्समधून कागद काढला. संग्रहालयाला द्यायचा नवा मजकूर तिने विमानातच लिहिला होता. तो तिने मराठीत वाचून दाखवला. भेगांचं कारण चित्रकर्तीची घाई. नियम तिला माहीत होता. चूक सर्वस्वी तिची.

"आणि माझं नाव?" मास्तरांनी विचारलं.

"काढलं, मास्तर. पूर्ण काढलं."

"बरं केलंस." त्यांनी समोरचे ब्रश उगाच सारखे केले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तसं ते एवढं एकाच ठिकाणी लागलं होतं गं."

थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं. साठ वर्षं या माणसाने लोकांच्या मुलांना माणसं काढायला शिकवलं होतं, आणि त्याचं नाव जगात लागलं ते एका बिघाडाखाली, तिच्या खोटेपणामुळे. तेही आता ती पुसायला निघाली होती. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिने मजकूर नव्याने लिहिला. भेगांचं कारण शेवटी गेलं, अर्ध्या ओळीत. पहिली ओळ अशी झाली की या चेहऱ्याचं रेखाटन चित्रकर्तीला कुणी शिकवलं, आणि किती वर्षं.

संग्रहालयाने दुरुस्ती मान्य केली. नवी पाटी लागली तशी थोरलीने मास्तरांना फोन केला आणि चित्राचा मोठा फोटो पाठवते म्हणाली.

"चित्राचा आहे माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "पाटीचा पाठव. अक्षरं दिसतील एवढा मोठा."

तिकडची लिपी मास्तरांना येत नव्हती. थोरलीने फोटो धुऊन आणला आणि पाकिटात घालण्याआधी त्यांच्या नावाखाली पेन्सिलने एक रेघ ओढली.