पिल्लाचं कार्ड

माझा भाऊ जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, एकोणीस वर्षं. मांजर टॉवेलात गुंडाळायचं, कुत्र्याला काट्यावर उभं करायचं, वजन बघून गोळी तोडायची, कार्डावर तारीख टाकायची. तिथले डॉक्टर अबोल, त्यामुळे बोलायचं सगळं काम यानेच अंगावर घेतलेलं. आणि एकदा सुरू झाला की समोरच्याची सुटका नाही.

“पंधरा दिवसांनी परत आणायचं,” तो प्रत्येकाला बजावायचा. “आज पोटातले जंत पडतील. अंगात दडलेले मागून उतरतात. दुसरा डोस चुकवलात तर पहिला दिला काय न् नाही काय.” कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, “घरात लहान मूल आहे ना? मग कुत्र्यासाठी नको, त्या मुलासाठी या.”

नवरा गेल्यापासून मी आणि माझी मुलगी भावाकडेच राहतो. ती पाच वर्षांची असताना कुणीतरी दवाखान्याच्या दाराशी खोक्यात एक पिल्लू ठेवून गेलं. मामाने ते भाचीसाठी घरी आणलं आणि लगेच औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत पडले. ते बघून स्वारी खूश. “झालं साफ!” म्हणाला, आणि सगळं तिथल्याच फुलझाडांच्या वाफ्यात पुरून टाकलं. मग कार्ड घेऊन बसला. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा एका बैठकीत लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूणही करून मोकळा झाला.

“अरे, अजून दिलंस कुठे?” मी म्हटलं.

“घरचंच तर पिल्लू आहे. देणारा मी, लिहिणारा मी. तू कशाला डोकं लावतेस?”

पुढे दवाखान्यात लशींसाठी झुंबड उडाली. कार्ड फ्रिजवर चिकटवलेलं होतं. जाता-येता तो त्यावर नजर टाकायचा, सगळ्या खुणा जागच्या जागी. पिल्लू रोज त्याच वाफ्यात बसायचं, आणि माझ्या लेकीचं दुकानही तिथेच. प्लॅस्टिकच्या कपात मातीचा चहा करून बाहुल्यांना द्यायची, स्वतःही प्यायल्यासारखं करायची. हात धू म्हणून मी ओरडायचे, पण मागे उभी राहायचे नाही. माझा वाटा मी नाकारत नाही.

काही महिन्यांनी तिचा डावा डोळा किंचित बाजूला वळायला लागला. शेजारीण म्हणाली, नखरे शिकतेय पोरगी. मीही हसले. मग एके दिवशी खेळताना तिने उजव्या डोळ्यावर हात धरला आणि सरळ दारावर जाऊन आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. रडता रडता म्हणाली, “आई, या डोळ्याने दारच दिसत नाही.”

डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळामागे, अगदी आत, पांढरा गोळा दिसला. ते म्हणाले, ही कॅन्सरची गाठ असेल, नाहीतर जंताची अळी. कुत्र्या-मांजराच्या विष्ठेतली अंडी मातीत मुरतात, हातातोंडातून मुलाच्या पोटात जातात, अळी अंगात भटकत डोळ्यात येऊन अडकते. तपासण्यांत धड हे नाही, धड ते नाही. “घरात पिल्लू आहे? जंताचं औषध दिलंय?”

भावाने फ्रिजवरचं कार्ड सोबत आणलं होतं, ते खिशातून काढून टेबलावर ठेवलं. “सगळे डोस पूर्ण. मी याच कामात आहे, साहेब.”

डॉक्टरांनी कार्ड नीट वाचलं. “मग गाठच धरून चालावं लागेल. थांबलो तर जिवावर बेतेल.”

गुरुवारी तिचा डोळा काढला.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, जंताची अळी होती. माझा जीव भांड्यात पडला. मी नर्सला मिठी मारून रडले. मागे वळून पाहिलं तर भाऊ व्हरांड्यात जमिनीवर बसला होता.

“दुसरा डोस दिलाच नव्हता गं, पुढचेही नाहीत,” तो म्हणाला. “त्या दिवशी बाहेर आल्यावर आठवलं.”

“मग आत का नाही गेलास परत?”

“आयुष्यभर लोकांना झापत आलो. तोंड उघडेना. वाटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळेलच.”

मी तशीच आत गेले आणि डॉक्टरांना विचारलं, हे आधी सांगितलं असतं तर? “नजर गेलीच होती,” ते म्हणाले. “ती आली नसती. पण आम्ही घाई केली नसती. डोळा राहिला असता.”

बाहेर येऊन मी भावाला मारलं. दोन्ही हातांनी, लोकांदेखत. त्याने हात वर केले नाहीत. मला अजूनही त्याची लाज वाटत नाही.

आता तिला खोटा डोळा बसवलाय. तो अधूनमधून काढून धुवावा लागतो. मी घाबरत घाबरत करते म्हणून ती मला जवळ येऊ देत नाही, मामाच हवा. तो कोपरापर्यंत हात धुतो, तिला स्टुलावर बसवतो. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून तोंड वर करते आणि सगळा वेळ शाळेतल्या गमती सांगत राहते.

“दुखत नाही ना?” तो विचारतो.

“तू केलंस की नाही दुखत.”

मी दारात उभी असते. तिला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं ते तूच, असं मी त्याला बजावलंय. पुढच्या वर्षी सांगतो, म्हणतो. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता.